लॉन मोअर (गवत कापायचं मशीन) पावसापर्यंत बंद ठेवायचंय? आधी टाकी रिकामी करा

विजापूर रोडला बंगला, पुढं थोडी हिरवळ, पेट्रोलवरचं फोर-स्ट्रोक मशीन, म्हणजे ऑइल पेट्रोलमध्ये न मिसळता वेगळं भरायचं. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून जानेवारीपासून पावसापर्यंत लॉन वाळू द्यायचं. तोवर मशीन झाकून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. झाकायचं तर आहेच, पण ते सगळ्यात शेवटी. आणि ती पत्र्याची खोली तर नकोच.

मी जुळे सोलापूरला राहतो. आमच्या सोसायटीच्या बागेचं मशीन बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला शेवटचं गवत कापलं, अर्धी टाकी पेट्रोल तसंच ठेवून मशीन पत्र्याच्या शेडमध्ये ढकललं. जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला, पण मशीननं हूं की चूं केलं नाही. शेवटी मोटरसायकलच्या मेकॅनिककडं नेलं. त्यानं कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) वाटी उघडली, तर तळाशी तपकिरी चिकट थर. "काय मालक, पेट्रोल घातलं हुतं का काकवी?"

तो चेष्टेत बोलला, पण आपल्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते उसापासूनही होतं. कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून तक्रार तरी कोणाकडं करणार! इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. उन्हाळ्यात पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागं राहिलेला भाग डिंकासारखा होऊन जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या, केसाएवढ्या भोकात बसतो. बऱ्याच लहान इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, तुमचीही एकदा बघा.

परदेशी व्हिडिओत सांगतात की टाकी काठोकाठ भरा, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ नये म्हणून मिसळायचं रसायन) घाला. तिकडं मशीन थंडीत बंद असतं. आपल्याकडं ते एप्रिल-मेमध्ये बंद असतं आणि तेव्हा बाहेर ४२-४३ अंश असतात. पत्र्याखाली किती होत असेल ते गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या कोणालाही विचारा. भरलेल्या टाकीची वाफ त्या खोलीत कोंडणं म्हणजे आगीला आवतण. म्हणून माझं मत, टाकी कोरडीच हवी.

इंजिन गार असताना टाकीतलं पेट्रोल नळीनं काढून घ्या. महिन्याच्या आतलं असेल तर स्कूटरमध्ये घालून संपवा (टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल मात्र गाडीत घालू नका). मग मशीन उघड्यावर चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. चोक ओढून आणखी एकदोनदा बघा. तरीही वाटीत घोटभर उरतंच. वाटीखाली ड्रेनचा स्क्रू असेल तर तो सैल करून तेही काढा. सगळा घोळ या घोटभर पेट्रोलनंच होतो.

इंजिन नुकतंच बंद झालेलं, कोमट आहे, तोवरच ऑइल बदला. गरम ऑइलबरोबर काळी घाण निघून येते. अशा मशीनला साधारण अर्धा लिटरच्या आसपास लागतं, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघून भरा. जुनं ऑइल गटारात नको, गॅरेजवाल्याला द्या.

इथून पुढं हात पात्याजवळ जाणार, म्हणून स्पार्क प्लगची (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगची) वायर काढून बाजूला ठेवा. इंजिन बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पातं हातानं फिरवलं तरी इंजिन सुरू होऊ शकतं. मशीन कलंडवताना एअर फिल्टर आणि कार्बोरेटर वरच्या बाजूला येतील असंच कलंडवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये शिरतं. खालचं गवत आणि काळी माती वाळून सिमेंटसारखी बसलेली असते, ती खुरप्यानं खरवडा. पाण्याचा जोराचा फवारा नको. पातं काढून मूळच्याच कोनात कानस मारा आणि मधल्या भोकातून खिळ्यावर टांगा. जी बाजू खाली जाते ती जड, तिथं अजून घासा. तोल नसलेलं पातं इंजिनाची शाफ्ट खातं. बसवताना नट पान्ह्यानं घट्ट करा, आणि पात्याला ऑइलचा हात फिरवा.

फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, दोन थेंब ऑइल लावा. कागदाचा असेल तर नुसता झटका, धुऊ नका.

शेवटी प्लग काढून त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोरी हळूच दोनतीनदा ओढा, प्लग परत बसवा. वायर जूनपर्यंत निघालेलीच राहू द्या. आता दोरी जिथं जड लागते तिथं थांबवा. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या झडपा) बंद असतात आणि दमट हवा आत जात नाही.

ठेवायला जिन्याखालची कोरडी जागा उत्तम, पण गॅस गीझर किंवा देवघराच्या जवळ नको. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं तर आत घाम धरतो आणि मशीनचा पत्रा गंजतो. जुनी चादर टाका, सोलापुरात तिला काय तोटा! फक्त अधूनमधून ती उचलून बघत जा. आमच्याकडं एका वर्षी उंदरानं फिल्टरच्या डब्यात बिऱ्हाड थाटलं होतं.

जूनमध्ये ताजं पेट्रोल, तेही लागेल तेवढंच. सुरू झाल्यावर मिनिटभर पांढरा धूर येईल. घाबरू नका, सिलिंडरमध्ये सोडलेलं ते चमचाभर ऑइल जळत असतं.