वाचकांचे प्रश्न : आकडा कोणाचा, चाचणी कोणाची?

करोना साथीच्या दिवसांतील आकडेवारीविषयी गेल्या अंकात लिहिताना ‘रोजचा आकडा वाचावा, पण त्यावर विसंबू नये’ असे एक वाक्य आम्ही सहज लिहून गेलो. त्या वाक्याला आक्षेप घेणारी, त्याचा खुलासा मागणारी आणि त्याच्या आधारे सोसायटीतील भांडण मिटवू पाहणारीही पत्रे पुणे परिसरातून आली. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

मार्च २०२० पासून जवळजवळ दोन वर्षे मी वर्तमानपत्रातील पुणे शहराचे आकडे रोज एका वहीत उतरवत असे. नवे बाधित, झालेल्या चाचण्या, बरे झालेले आणि मृत्यू असे चार रकाने मी आखले होते. सोमवार-मंगळवारी बाधितांचा आकडा हमखास उतरे आणि बुधवारपासून पुन्हा चढे. सोबत एका पानाची छायाप्रत जोडली आहे. आपल्या मते या वहीला काही किंमत आहे, की ती रद्दीत द्यावी?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ

वही कृपया रद्दीत देऊ नये. आपण पाठविलेल्या पानावर प्रत्येक सोमवारभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ आहे आणि समासात बारीक अक्षरात ‘दसरा’, ‘जोराचा पाऊस’ अशा नोंदी आहेत. पुष्कळशा सरकारी तक्त्यांत नसलेली माहिती त्या समासात आहे. सोमवारी आकडा उतरला तो विषाणूने रविवारची सुट्टी घेतली म्हणून नव्हे, तर स्वॅब घेणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी ती घेतली म्हणून. म्हणूनच एका दिवसाच्या आकड्याऐवजी सात दिवसांची सरासरी पाहण्याचा प्रघात पडला. ती काढली की आठवड्यातला प्रत्येक वार एकदाच मोजला जातो आणि सुट्टीचा खड्डा भरून निघतो.

आता पहिल्या रकान्याला दुसऱ्याने भागून पाहावे. समजा, एका दिवशी १,००० चाचण्यांत १०० बाधित आढळले आणि पंधरा दिवसांनी २,००० चाचण्यांत १५० आढळले, तर मथळा ‘रुग्णांत दीडपट वाढ’ असा येईल, पण चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण मात्र दहा टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर आलेले असेल. हे प्रमाण दोन आठवडे पाच टक्क्यांखाली असणे हा निर्बंध सैल करण्याच्या निकषांपैकी एक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सांगितले होते, त्याचे कारण हेच. तथापि, हे प्रमाणही चाचणीला कोणाला बोलावले यावर ठरते. केवळ तापाने फणफणलेल्यांचीच तपासणी केली तर ते फुगेल आणि कार्यालयात रुजू होण्यासाठी निगेटिव्ह अहवाल लागणाऱ्या धडधाकट माणसांची रांग लावली तर ते आपोआप खाली येईल.

आपल्या दुसऱ्या रकान्यात आणखी एक घोळ आहे आणि त्यात आपला दोष नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, जून २०२० मध्ये जलद अँटिजेन चाचणीला मान्यता दिली. त्या वेळी परिषदेनेच दिलेल्या माहितीनुसार खऱ्या बाधितांपैकी सुमारे ५० ते ८४ टक्केच या चाचणीत सापडत होते. त्यामुळे लक्षणे असूनही अँटिजेन निगेटिव्ह आलेल्यांची आरटी-पीसीआर करावी असा दंडक होता. वर्तमानपत्रातील ‘एकूण चाचण्या’ या एका शब्दाखाली मात्र दोन्ही जातींची बेरीज होई. जून २०२० पूर्वीचे आणि नंतरचे आपले आकडे एका फूटपट्टीने मोजता येत नाहीत, ते यामुळे.

मृत्यूंचा रकाना सर्वांत जपून वाचावा. १६ जून २०२० रोजी राज्याच्या आकड्यात आधी नोंदायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकदम मिळविले गेले, त्यांतील ८६२ मुंबईचे होते. त्या दिवशी राज्यात एवढी माणसे दगावली नव्हती, कागद त्या दिवशी पोहोचले. बाधितांच्या बाबतीतही हेच, फक्त कमी प्रमाणात. प्रस्तुत लेखकाने स्वतः एका खासगी प्रयोगशाळेत स्वॅब दिला होता. अहवाल सहाव्या दिवशी हाती आला, तोवर ताप उतरून घरात पोह्यांची फर्माईश सुरू झाली होती. लागण ते लक्षणे साधारण पाच दिवस, त्यानंतर ‘बघू, साधी सर्दी असेल’ यात गेलेले दोन दिवस आणि अहवालाचे सहा दिवस असा हिशेब केला, तर ‘आजचा नवा रुग्ण’ म्हणून आम्ही मोजले गेलो तेव्हा आमची लागण जवळजवळ दोन आठवड्यांची जुनी होती.

‘पुण्यातील रुग्णसंख्या’ दूरचित्रवाणीवर एक आणि वर्तमानपत्रात दुसरीच असे. यात खरे कोण?
— एक वाचक, खडकी

बहुधा दोघेही खरे. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन छावणी मंडळे आणि ग्रामीण भाग या सर्वांना मिळून जिल्हा होतो आणि बातमीदार ‘पुणे’ म्हणताना यांतील काहीही म्हणत असतो. आपण राहता ती खडकी महापालिकेच्या आकड्यात नसते, जिल्ह्याच्या आकड्यात असते. ‘दर लाखामागे’ असा आकडा दिला असेल तर भाजक कोणता, हेही विचारावे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३१ लाख २४ हजार होती. त्यानंतर जून २०२१ मध्ये २३ गावे एका दमात महापालिकेत आली, पण २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. म्हणजे लाखामागचा प्रत्येक आकडा अंदाजी भाजकावर उभा आहे.

आमच्या सोसायटीची कार्यकारिणी पुढील साथीसाठी नियमावली तयार करीत आहे. घरकामाच्या बायका, चालक, दूधवाले आणि सुरक्षारक्षक यांना दर आठवड्याला अँटिजेन चाचणी सक्तीची करावी, निगेटिव्ह असल्यासच फाटकातून आत घ्यावे, असा प्रस्ताव आहे. बहुमत अनुकूल आहे. सचिव या नात्याने मला आपले मत हवे आहे.
— एका गृहसंस्थेच्या सचिव, खराडी

सचिवबाई, मताच्या आधी थोडे गणित करू. आपल्या फाटकातून रोज ५०० माणसे कामाला येतात आणि त्यांतील दोन टक्के, म्हणजे दहा जण, खरोखर बाधित आहेत असे धरू. चाचणी दहापैकी सहा जणांना पकडते आणि निरोगी शंभरांतील एकाला चुकून बाधित ठरवते, असेही धरू. अशा वेळी सहा बाधित सापडतील, चार बाधित ‘निगेटिव्ह’ असा कागद घेऊन आत येतील आणि ४९० निरोगी माणसांतील सुमारे पाच जणांना विनाकारण परत पाठविले जाईल. अडविलेल्या अकरांपैकी जवळजवळ निम्मे निरोगी आणि आत आलेल्या चौघांकडे आपणच दिलेला परवाना, असा हा व्यवहार आहे. साथ ऐन भरात असताना, म्हणजे शंभरातील वीस जण बाधित असताना, हेच गणित बदलते. तेव्हा पॉझिटिव्ह अहवाल बहुतांशी खरा ठरतो, पण निसटणाऱ्यांची संख्याही चारावरून चाळीसवर जाते. अँटिजेन चाचणी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. लक्षणे असलेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळणे ही मोठी सोय आहे. परंतु ती फाटकावरची चाळणी म्हणून वापरली की भोके मोठी निघतात.

दुसरा मुद्दा गणिताचा नाही. आपल्या प्रस्तावातील यादीत एकही सभासद नाही. राज्यातील पहिल्या दोन रुग्णांची नोंद ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच झाली आणि ते दुबईची सहल करून परतले होते. विषाणू शहरात विमानाने आला आणि संशयाची नजर मात्र धुणेभांडी करणाऱ्या बाईकडे वळली, हे त्या वर्षी अनेक सोसायट्यांत घडले. चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्या सात दिवसांचा पगार कोण देणार, चाचणीचा खर्च कोण करणार आणि चुकीने बाधित ठरलेल्या पाच जणींना फेरतपासणी मिळणार का, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रस्तावात नसतील तर लोक लक्षणे लपवतील. पुण्याला हे नवे नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या हाताखालील सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, तेव्हा लोकांनी दुखणाईत माणसे लपवून ठेवली. तपासणीची भीती रोगापेक्षा मोठी झाली की तपासणीचा आकडा खोटाच येणार. ज्या साथरोग कायद्याच्या बळावर त्या वर्षी कारवाई झाली, तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये राज्यात पुन्हा लागू झाला होता, एवढे आपल्या कार्यकारिणीला जरूर सांगावे.

आमचे मत विचारले आहे म्हणून सांगतो : सक्ती नको. लक्षणे असलेल्या कोणालाही, मग तो सभासद असो वा कामाला येणारा, सोसायटीच्या खर्चाने चाचणी आणि भरपगारी रजा द्यावी. बहुमताला हे महाग वाटेल.

महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेसाठी ‘लक्षणे नसलेल्यांची चाचणी थांबविणे म्हणजे आकडे लपविणे होय’ हा विषय मिळाला असून मी अनुकूल बाजूने बोलणार आहे. काही मुद्दे सुचवाल का?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

अनुकूल बाजू घेतली असली तरी प्रतिकूल बाजूची ताकद आधी ओळखून ठेवावी, कारण ती पुण्यातलीच आहे. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू येथे नोंदला गेला आणि नायडू रुग्णालयाबाहेर नाकाला रुमाल बांधलेल्या माणसांच्या रांगा लागल्या. नमुने तपासण्याचा भार प्रामुख्याने आपल्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेवर आणि दिल्लीतील एका संस्थेवर होता. त्याच महिन्यात केंद्राने रुग्णांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे गट पाडले आणि गंभीर लक्षणांच्या ‘क’ गटाचीच चाचणी करण्याचे ठरविले. त्यातून नोंदले जाणारे रुग्ण कमी झाले हे खरे, परंतु साध्या तापाच्या माणसाने आजारी माणसांच्या रांगेत चार तास उभे राहून आजार घरी न्यावा, हेही शहाणपणाचे नव्हते.

आपल्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा जानेवारी २०२२ मधील आहे. १० जानेवारीला आयसीएमआरने सांगितले की बाधिताच्या संपर्कात आलेल्यांपैकी लक्षणे नसलेल्यांना, वय किंवा सहव्याधींमुळे धोका नसेल तर, चाचणीची गरज नाही. ओमायक्रॉनच्या लाटेत प्रयोगशाळांवरील ताण पाहता वैद्यकीयदृष्ट्या हा निर्णय आम्हांस योग्यच वाटला. परंतु जेमतेम आठवडा लोटला आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून चाचण्या घटल्याबद्दल चिंता व्यक्त केली. याच काळात घरच्या घरी करावयाचे संचही सर्रास मिळत होते. असा देशातील पहिला संच मे २०२१ मध्ये पुण्याच्याच मायलॅब कंपनीने २५० रुपयांना आणला होता. त्याचा निकाल ॲपवर नोंदवावा अशी अपेक्षा होती, पण पॉझिटिव्ह आलेला माणूस आधी गरम पाणी पितो, मग नातेवाइकांना फोन करतो आणि ॲप त्याच्या लक्षातही राहत नाही. थोडक्यात, फूटपट्टी बदलली आणि आलेख मात्र जुन्याच रेघेला जोडून पुढे काढला गेला. ‘लपविणे’ या शब्दाला पुरावा हेतूचा लागतो आणि तो आपल्यापाशी नाही. त्याऐवजी ‘मोजमाप बदलल्याची खूण आलेखावर करावी’ असा आग्रह धरलात तर परीक्षकांना खोडणे जड जाईल.

प्रतिपक्ष विचारेल की सर्वांची चाचणी नाही, तर मग फैलाव कळणार कसा? उत्तर नमुना पाहणीचे आहे. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये आयसर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि महापालिका यांनी इतर संस्थांच्या साहाय्याने शहरातील पाच प्रभागांतील १,६६४ जणांचे रक्त तपासले आणि ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, आढळली. कसबा-सोमवार पेठेत हे प्रमाण ३६.१ टक्के, तर लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के होते. दोन हजारांहून कमी माणसांनी, लाखो स्वॅबांना न दिसलेला फैलाव दाखविला. मात्र ‘निम्म्या पुण्याला होऊन गेला’ हा त्यातून काढलेला अर्थ चूक होता, कारण ते प्रभाग अधिक लागण असलेल्यांतून निवडले होते. त्या निश्चिंतीत राहिलेल्यांना २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चने काय दाखविले, ते आपण जाणताच.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात गुलियन-बारे सिंड्रोमचे, जीबीएसचे, रुग्ण वाढले तेव्हा करोनाप्रमाणे घरोघरी सर्वांची चाचणी का केली नाही? आकडाही सारखा बदलत होता.
— एक गृहिणी, किरकटवाडी

कारण त्यासाठी तशी चाचणीच नसते, ताई. जीबीएस हा स्वतः संसर्ग नव्हे. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, त्याचे हे नाव आहे. निदान मज्जातंतूंच्या तपासणीवरून आणि पाठीच्या कण्यातील पाण्यावरून होते. निरोगी माणसाच्या नाकात काडी घालून काही कळण्यासारखे नाही. एरवी हा विकार वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतो, म्हणजे पुण्याएवढ्या शहरात महिन्याला चार-पाच रुग्ण दिसावेत. येथे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संशयितांची संख्या २४ होती आणि आठवडा संपेपर्यंत ती शंभरावर गेली. त्या उडीत नव्याने आजारी पडलेले होते, तसेच शोध सुरू झाल्यामुळे रुग्णालयांनी कळविलेले आधीचेही होते. शिवाय ‘संशयित’ आणि ‘निदान निश्चित’ हे दोन वेगळे रकाने असून बातमीत कधी एक, कधी दुसरा येई.

चाचणी झाली ती माणसांच्या शौचाच्या नमुन्यांची आणि पाण्याची, आणि तेच बरोबर होते. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला आणि रुग्णांतील मोठा हिस्सा नांदेड गावच्या विहिरीच्या परिसरातील निघाला. आपणांस स्वतः काही तपासावयाचे असेल तर ती ओटी चाचणी, म्हणजे पाण्यातील क्लोरिनची तपासणी. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडे तिचा लहानसा संच असतो. नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरिन असल्यास पाणी पिवळे होते आणि शेजारच्या रंगपट्टीशी ताडून पाहता येते. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेले असावे असे भारतीय मानक सांगते. आपल्या गल्लीतील शेवटच्या घरच्या नळाला ही चाचणी करून घ्यावी, पहिल्या घरच्या नाही, आणि पाणी पांढरेच राहिले तर तारीख-वेळ लिहून क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्यावे.