विचारा बिनधास्त : इंजिनीअरिंग घेऊ का?

प्रश्न : नमस्कार सर, मी बारावी सायन्सला आहे. मला लहानपणापासून वस्तू खोलून बघायची आवड आहे, सायकल, पंखा, काहीही मिळालं की मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसते. सगळे म्हणतात ही इंजिनीअरच होणार. पण मॅथ्सचं खूप टेन्शन येतं, मार्क साठ-पासष्टच्या वर जातच नाहीत. मग इंजिनीअरिंग घेऊ की नको?
– बारावीतली विद्यार्थिनी

उत्तर : साठ-पासष्ट म्हणजे काही वाईट नाहीत, त्यावरून लगेच नाही म्हणू नकोस. पण तुला प्रश्न पडला हे चांगलं झालं, कारण वस्तू खोलायची आवड आणि इंजिनीअरिंगची आवड या एकच गोष्ट नाहीत, हे आधी कोणी सांगत नाही आणि मग मुलं फर्स्ट इयरला एम-वनचं, म्हणजे इंजिनीअरिंग मॅथ्सच्या पहिल्या पेपरचं, पुस्तक बघून दचकतात.

सायकल खोलतेस ना, मग आता एक कर. पुढच्या चक्राचे दात मोज, मागच्याचे मोज. समज पुढे 44 आहेत आणि मागे 16, म्हणजे पायडल एकदा फिरलं की मागचं चाक पावणेतीन वेळा फिरणार. चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर धर, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल पावणेसहा मीटरच्या आसपास पुढे जाते. आता चढ आला म्हणून मागे 28 दातांचं चक्र घेतलं, तर एका फेरीत जेमतेम 3.3 मीटरच जाशील, पण त्याच चढाला पायावर जोर आधीच्या 57 टक्केच लागेल. हा 57 कुठून आला ते मी सांगत नाही, तू काढ. आणि तो काढताना पुढचा प्रश्न आपोआप पडला, की मग चेनवर ताण किती येत असेल, ती तुटत का नाही, तर बिनधास्त इंजिनीअरिंगचा विचार कर. आकड्यांचा कंटाळा आला आणि फक्त खोलून, दुरुस्त करून, परत चालू करण्यातच खरा आनंद वाटला, तर टेक्निशियनच्या कामाकडे नीट बघ, ते कमी दर्जाचं काम आहे असं कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नकोस, चांगल्या टेक्निशियनशिवाय कुठलीच फॅक्टरी चालत नाही.

राहिलं मॅथ्स. कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी हे सगळं लागतं, ते टाळून पुढे जाता येत नाही. पण परीक्षेत घड्याळ लावून सोडवायचा स्पीड आणि कामावरचं मॅथ्स यात फरक आहे. तिथे आकडेमोड कॉम्प्युटर करतो, पण आलेलं उत्तर शक्य कोटीतलं आहे की शंभर पटीने चुकलंय हे तुला कळलं पाहिजे. तुझे जुने पेपर काढ आणि प्रत्येक चुकीपुढे लिही, कन्सेप्ट कळला नव्हता की चिन्ह चुकलं, अपूर्णांक चुकला, बाजू बदलताना गडबड झाली. खूप जणांचं घोडं नववी-दहावीच्या बीजगणितातच अडलेलं असतं आणि ते रोज थोडी प्रॅक्टिस केली तर नक्की सुधारतं.

प्रश्न : सर, मुलाला मेकॅनिकलच घ्यायचंय. घरात सगळे म्हणतात कॉम्प्युटर घे, पैसा तिकडेच आहे. त्यात आता एआयच कोड लिहायला लागलंय, म्हणजे कॉम्प्युटरचंही काही खरं नाही असं ऐकते. आम्हा दोघांना यातलं काही कळत नाही, ऐकायचं कुणाचं?
– एक आई

उत्तर : ताई, मुलाचं ऐका, पण आधी त्याला एक काम लावा. मेकॅनिकलमध्ये नोकरी करणाऱ्या दोन-तीन जणांना गाठून त्याने एवढंच विचारायचं की गेल्या आठवड्यात रोज काय काय केलंत. "फील्ड कसं आहे" विचारलं की लोक भाषण देतात, आठवडा विचारला की खरं कळतं. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे पार्टच्या मापात किती फरक चालेल ते, ठरवणं, टेस्टिंगचे रिपोर्ट, सप्लायरला फोन, पार्ट रिजेक्ट का झाला याची मीटिंग, असं सगळं निघेल. गाड्या आवडतात म्हणून मेकॅनिकल हवं असेल तर हे ऐकून काही मुलं मागे फिरतात, आणि हे ऐकूनही ज्याला हवंसं वाटतं त्याला अडवू नका.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा जास्त मिळतो, ते खोटं नाही. पण डिग्रीला चार वर्षं लागतात आणि तेवढ्यात वारं फिरतं. 2000-01 मध्ये डॉट कॉमचा फुगा फुटला तेव्हा हेच कॉम्प्युटर नको रे बाबा झालं होतं आणि पुढे काही वर्षांत परत त्याच शाखेसाठी झुंबड उडाली. आजच्या मागणीवर शाखा निवडणं म्हणजे चार वर्षांनंतरच्या बाजारावर पैज लावणं, आणि त्यात शाखाही न आवडणारी असेल तर मुलाकडे काहीच उरत नाही.

एआय कोड लिहितं हे खरंच आहे, आणि नुसतं सांगितलेलं टाईप करण्याचं काम कमी होणार असं मलाही वाटतं. पण इंजिनीअरचं काम तेवढंच कधीच नव्हतं. 4 जून 1996 ला युरोपचं एरियान 5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण 37 सेकंदांत भरकटून फुटलं. त्यातला सॉफ्टवेअरचा एक भाग आधीच्या एरियान 4 मधून जसाच्या तसा उचललेला, तिथे तो व्यवस्थित चालायचा. पण नव्या रॉकेटचा आडवा वेग बराच जास्त होता, त्यावरून निघणारी संख्या 32,767 च्या पुढे गेली आणि जिथे ती साठवायची होती त्या 16 बिटच्या जागेत ती मावेचना, मग दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. म्हणजे कोड सांगितल्याप्रमाणेच चालला, फक्त जुनं गृहीतक नव्या रॉकेटला लागू होतं का हे तपासायचं राहून गेलं. हे असं तपासायला मशीनचं फिजिक्सही कळावं लागतं आणि सॉफ्टवेअरही, म्हणून मुलाला मेकॅनिकल घेऊ द्या आणि सोबत प्रोग्रामिंग मनापासून शिकायला सांगा, पायथॉन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेपासून सुरुवात केली तरी चालेल.

प्रश्न : मी सेकंड इयरला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. दोन विषय राहिलेत, म्हणजे दोन केटी लागल्यात, मन अजिबात लागत नाही. सोडून देऊ का?
– सेकंड इयरचा विद्यार्थी

उत्तर : मित्रा, केटी लागली म्हणून सोडू नकोस आणि दोन वर्षं गेली म्हणून चिकटूनही बसू नकोस. आधी एवढं बघ, विषय नकोसा झालाय की मागे पडल्यामुळे लेक्चरमधलं काही कळत नाही म्हणून नकोसा वाटतोय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. अडलेला एकच विषय घे, नेटवर्क्स, म्हणजे सर्किट सोडवायचा विषय, असेल तर करंट-व्होल्टेजच्या हिशोबाच्या किरचॉफच्या नियमांपासून, आणि महिनाभर रोज एक सर्किट कागदावर सोडवून मग ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंग न करता पार्ट खोचायच्या पाटीवर, लावून मीटरने व्होल्टेज मोज. कागदावरचं आणि मीटरवरचं उत्तर जुळलं की बरं वाटतंय का बघ. वाटलं तर केटी निघतील, सीनियर्सकडून नोट्स घे आणि लाग कामाला. महिन्यानंतरही काहीच वाटलं नाही तर शाखा बदलता येते का किंवा झालेले क्रेडिट्स दुसऱ्या कोर्सला धरतात का हे कॉलेजच्या ऑफिसात विचारून लेखी घे आणि मगच घरी बोल. आणि झोप लागत नसेल, सगळंच नकोसं वाटत असेल, तर महिना थांबू नकोस, आजच घरी सांग आणि काउन्सेलरला किंवा डॉक्टरला भेट, केटीचं नंतर बघू.