ताप उतरल्यावरही मेनिंजायटिसची इंजेक्शनं किती दिवस द्यायची?

तुम्ही विचारलंय की तीन वर्षांच्या मुलाला बॅक्टेरियल मेनिंजायटिस (जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) झालाय, चौथ्या दिवशी ताप उतरला, पोरगं खेळायला लागलं, तरी डॉक्टर अजून आठवडाभर इंजेक्शन म्हणतात. गरज आहे, की बिल वाढवताहेत? माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, हेच वॉर्डाच्या दारात उभं राहून सगळ्यांसमोर विचारलं होतं, म्हणून लिहायला बसले.

दिवस तापावर ठरत नाहीत, जंतूवर ठरतात. मेनिंगोकोकस असेल तर ५ ते ७ दिवस, हिब असेल तर ७ ते १०, न्यूमोकोकस असेल तर १० ते १४. जंतू सापडलाच नाही तर निदान १०. आणि हे सगळे दिवस शिरेतून. उरलेला कोर्स घरी सिरपवर करू म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तोंडावाटे दिलेलं औषध मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेसं पोचत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात सिस्टर आहे. पुतण्या, म्हणजे याच भासऱ्यांचा पोरगा, आजारी पडला तेव्हा कापूस फुटलेला, घरचे सगळे वावरात. ताप आणि उलट्या. गावातल्या दवाखान्यात सुई मारून आणला, वरून मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सुई. मी ड्युटीवरून गेले, डोक्याखाली हात घालून मान उचलली तर मान वाकेना, पाठच वर आली. मी आले त्याच गाडीत घालून जिल्ह्याला नेला.

तिथे तपासणीसाठी पाठीतलं पाणी (मेंदूभोवती असतं तेच) काढायचं म्हटल्यावर भासरे अडून बसले. "पाठीतलं पानी काढलं का पोट्टं लंगडं होते, मी नाही करू देत." मी सांगून पाहिलं की सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खालच्या मणक्यांत घालतात. "तू सुया टोचनारी, तुले काय समजते?" डॉक्टर शहाणे, त्यांनी सहीसाठी अँटिबायोटिक अडवून ठेवलं नाही, सेफ्ट्रायझोनचा पहिला डोस लगेच दिला. सही शेवटी जाऊबाईंनी केली. निरोगी पोराचं ते पाणी नितळ असतं. याचं नळीत थेंब थेंब पडलं ते तांदळाच्या धुवणासारखं. कल्चरमध्ये, म्हणजे ते पाणी ठेवून जंतू वाढवून पाहतात त्यात, मात्र काही उगवलं नाही. गावातल्या सुया आणि पाणी काढण्याआधी दिलेला डोस, यांमुळे जंतू बहुधा कल्चरमध्ये वाढण्याइतका उरला नव्हता. नाव कळलं असतं तर कदाचित कमी दिवसांत भागलं असतं. ज्यांना दिवस जास्त वाटत होते, त्यांच्याच गावातल्या सुयांनी आणि सहीच्या अडवणुकीनं ते बहुधा वाढले.

ताप उतरल्यावर भासरे सुट्टी मागायला लागले. वेचायला मजूर नाही, हात सुजला म्हणून सलाईनची सुई पायात घातलेली, पोरगं रडतंय. मला ते दिसत नव्हतं असं नाही. पण ताप उतरला म्हणजे औषध लागू पडतंय, जंतू संपला असं नाही. मी हटले नाही, कोर्स पूर्ण झाला.

नंतर कानाची तपासणी केली तर डाव्या कानानं कमी ऐकू येतं असं निघालं. तेव्हापासून आजतागायत प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीला भासरे सांगतात, "हिनं जास्त सुया टोचून पोट्ट्याचा कान घालवला." साफ खोटं आहे. कान रोगानं जातो, आणि तोही सुरुवातीच्या दिवसांतच, आतल्या कानापर्यंत सूज पोचते म्हणून. कानाला धोका जेंटामायसिन-अमिकासिनच्या जातीच्या औषधांचा असतो. त्याच्या चार्टवर यातलं एकही नव्हतं, मी स्वतः तपासलंय. जे बिघडलं ते गावातल्या त्या दोन दिवसांत, वॉर्डातल्या शेवटच्या आठवड्यात नव्हे.

तुमच्या डॉक्टरांनी उद्या पाचव्याच दिवशी बंद करायचं म्हटलं तर लगेच भांडू नका. बांगलादेश, मलावीसह पाच देशांत हजारभर मुलांवर अभ्यास झाला, २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सेफ्ट्रायझोनवर पाचव्या दिवशी पूर्ण स्थिर असलेल्या मुलांत ५ दिवस आणि १० दिवस सारखेच ठरले. पण ती दोन महिन्यांहून मोठी, निवडून घेतलेली मुलं होती. स्थिर आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील, शेजारी किंवा काका नाही. नवजात बाळाचा हिशोब वेगळा, तिथे १४ ते २१ दिवस किंवा त्याहून जास्त. टीबीचा मेनिंजायटिस असेल तर वरचं काहीच लागू नाही, तिथे औषध कित्येक महिने, सहसा वर्षभर चालतं. उपचार चालू असताना ताप पुन्हा चढला, झटका आला किंवा पोरगं गुंगीत गेलं तर त्याच क्षणी सांगा.

बिलाची शंका असेल तर सरळ विचारा: पाण्याच्या रिपोर्टात पेशी किती, कल्चरमध्ये काय आलं, कोर्स कोणत्या तारखेला संपतो. उत्तर देत नसतील तर दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाला कागद दाखवा, पण मधल्या वेळात एकही डोस चुकवू नका. सुट्टीच्या कागदावर जंतूचं नाव आणि इंजेक्शनच्या सुरुवातीची व शेवटची तारीख लिहून घ्या. आणि पोरगं कितीही बरं दिसलं तरी कानाची बेरा तपासणी (ऐकू येतं की नाही ते यंत्रानं पाहतात ती) महिन्याच्या आत कराच.