‘कडेने चालवा’ : सायकलस्वारांचे दोन प्रश्न

प्रश्न : मी रोज कोथरूडहून शिवाजीनगरला कर्वे रस्त्याने सायकलवरून कामाला जाते. मोटारी हँडलला खेटून पुढे जातात, मागून सतत हॉर्न वाजतो आणि गेल्या महिन्यात उभ्या मोटारीचे दार अचानक उघडल्यामुळे मी रस्त्यावर पडले. मोटारीतील गृहस्थांनी ‘कडेने चालवायची ना’ असे मलाच सुनावले. घरची मंडळीही तेच सांगतात. मी अगदी कडेने सायकल चालवावी का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. घरच्यांनी हा सल्ला काळजीपोटी दिला असला, तरी तो चुकीचा आहे. उभ्या मोटारींना लागून गेल्यामुळेच ते दार आपल्या वाटेत आले. मोटारीचे दार पूर्ण उघडले की ते साधारण एक मीटर बाहेर येते, आणि ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटरहून अधिक अंतर कापते. त्यामुळे दार हलताना दिसले तरी ब्रेक लागेपर्यंत सायकल अनेकदा त्यावर आदळलेली असते. येथे सायकलस्वाराचे कौशल्य फारसे कामाला येत नाही. उपयोगी पडते ते फक्त आधीपासून राखलेले अंतर, म्हणून उभ्या वाहनांपासून किमान एक मीटर, शक्य असेल तेथे त्याहून अधिक, लांब राहावे.

उभी वाहने नसतील तेथेही कड सुरक्षित नसते. पावसाळी गटारांच्या जाळ्या, डांबराचे थरावर थर चढल्यामुळे कडेच्या काँक्रीटलगत पडलेली खाच, साचलेली वाळू आणि उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार हे सारे तेथेच भेटतात. अशा वेळी सायकलस्वाराला एकाएकी उजवीकडे वळावे लागते, आणि मागचा चालक मात्र सायकल सरळच जाईल असे गृहीत धरून अगदी जवळ आलेला असतो. शिवाय सायकल कडेला जितकी चिकटलेली असेल, तितके मागच्या चालकाला आपली मार्गिका न बदलताच पुढे घुसता येईल असे वाटते. म्हणून जेथे मोटार आणि सायकल शेजारी-शेजारी सुरक्षितपणे मावत नाहीत, तेथे डाव्या मार्गिकेच्या मध्याजवळून सरळ रेषेत जावे आणि रस्ता रुंद झाला की पुन्हा डावीकडे यावे. जागा बदलण्यापूर्वी खांद्यावरून मागे पाहावे आणि हात दाखवावा. काही जण हॉर्न वाजवतील, पण हॉर्न वाजवणाऱ्या चालकाने आपल्याला पाहिलेले असते आणि खरा धोका न पाहणाऱ्याकडून असतो. तरीही, सायकलच्या अगदी मागे येऊन जोरात हॉर्न वाजवणे ही मला क्रूर सवय वाटते, कारण दचकलेल्या माणसाचा तोल जाऊ शकतो हे वाजवणाऱ्याला कळत नसेल असे मी मानू शकत नाही.

आणखी दोन प्रसंग विशेष जपण्यासारखे आहेत. सायकलच्या पुढे जाऊन लगेच डावीकडे कट मारणारे वाहन चौकाच्या अलीकडे फार भेटते. तेथे वेग कमी ठेवावा आणि चौकात कडेला राहू नये. दुसरे म्हणजे सिग्नलला थांबताना ट्रक किंवा बसच्या डाव्या बाजूला कधीही उभे राहू नये. चालकाचा चेहरा आपल्याला त्याच्या आरशात दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही.

मोटार चालवणाऱ्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, उजव्या बाजूचे दार डाव्या हाताने उघडावे. नेदरलँड्समध्ये रुजलेल्या या सवयीमुळे शरीर आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल नजरेस पडते. डावीकडे बसलेल्यांनी त्याचप्रमाणे उजवा हात वापरावा. गर्दीत थांबलेल्या टॅक्सीतून डावीकडे उतरणाऱ्यांना तर याची सर्वांत अधिक गरज आहे.

प्रश्न : माझा मुलगा सायकलने शाळेत जातो. सायकल मार्गावर वाहने उभी असतात, म्हणून तो मुख्य रस्त्यावर येतो, आणि तेथे उलट दिशेने येणाऱ्या दुचाकीने त्याला दोनदा पाडता-पाडता सोडले. प्रत्यक्ष इजा झालेली नसताना तक्रार करता येते का? — एक पालक, पुणे

उत्तर : येते, आणि जरूर करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक वाहन चालवण्याची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत वाहतुकीच्या ठरलेल्या दिशेविरुद्ध जाणे, लाल दिवा ओलांडणे आणि चालवताना हातात मोबाइल वापरणे स्पष्टपणे येते. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. बेदरकार वाहन चालवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ देखील लागू होऊ शकते आणि त्यासाठी कोणाला दुखापत होणे आवश्यक नाही. तक्रारीत वाहनाचा क्रमांक, ठिकाण, दिवस व वेळ द्यावी, आणि छायाचित्र किंवा चित्रफीत असेल तर ती जोडावी. मुलाने मात्र चालत्या सायकलवरून मोबाइल काढू नये. क्रमांक लक्षात ठेवून थांबल्यावर लिहून घेणे पुरेसे आहे. सायकल मार्गावर नेहमी तीच वाहने उभी राहत असतील, तर त्याची स्वतंत्र लेखी तक्रार वाहतूक शाखेकडे द्यावी. पुण्याने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, पण मार्गावर वाहने उभी राहणार असतील तर मुलांच्या वाट्याला मुख्य रस्ताच येतो.

दुर्दैवाने अपघात झालाच तर प्रथम ११२ वर फोन करावा. जखमीला मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे, त्यामुळे आजूबाजूच्या लोकांनी घाबरून दूर राहू नये. धडक देणारे वाहन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये भरपाई मिळते. त्यासाठी पोलिसांतील नोंद आणि रुग्णालयाची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत.