डेव्हिट वाचायला घेताय? मग आधी हे

आयर्लंडच्या जमीन-चळवळीचा नेता मायकेल डेव्हिट याचं १९०४ चं ‘द फॉल ऑफ फ्यूडॅलिझम इन आयर्लंड’ लगेच उघडू नका. सातशेच्या वर पानं. बरेच जण तिथेच गळपटतात.

सुरुवात १८८५ च्या ‘लीव्ह्ज फ्रॉम अ प्रिझन डायरी’ने करा. इंग्लंडमधल्या पोर्टलंडच्या तुरुंगात कैदेत असताना माणसाळवलेल्या ‘जो’ नावाच्या ब्लॅकबर्ड पक्ष्याला उद्देशून दिलेली व्याख्यानं आहेत ती! (मी तर पक्ष्यासाठीच वाचत गेलो.)

एवढं ध्यानात ठेवा:

- १८५० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या घरातून जमीनदाराने कुटुंबाला हुसकावलं, तेव्हा मायकेल चार वर्षांचा. अकराव्या वर्षी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सूतगिरणीत उजवा हात गेला. जमीनदारीवरचा राग पुस्तकी नाही.
- आयरिश राजकीय नेता पार्नेल आणि डेव्हिट दोघंही १८७९ च्या लँड लीगचे (कुळांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना), पण डेव्हिटला पुढे जमीन राष्ट्राच्या मालकीची हवी होती, पार्नेलला कसणाऱ्या कुळांच्या. नवखे इथेच घोळ घालतात.

जमिनीच्या प्रश्नावर लिहिणारा अमेरिकी विचारवंत हेन्री जॉर्ज नंतर बघू.