जर्मनीत मास्टर्सला यायचं म्हणतोस, तर

अरे भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मानेवाड्याला राहतोस, वय एकतीस, सिव्हिलचा बीई, बुटीबोरीत नोकरी. सस्टेनेबल डेव्हलपमेंटच्या मास्टर्ससाठी जर्मनीला यायचंय, बायको आणि पाच वर्षांच्या मुलासकट. एजंट लावू का विचारतोस, आणि शेवटी लिहितोस, 'ताई, शिकून परत आलो तर नागपुरात याचा काही उपयोग होईल का?' त्या शेवटच्या ओळीने मला लिहायला बसवलं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, किती भरायचे, व्हिसाला काय जोडायचं, हे सगळं दूतावासाच्या पानावर आहे, ते वाच. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुझी डिग्री खरी असल्याचा तपासणीचा दाखला, भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून लागतं. माझ्या वेळी ते नव्हतं, त्यामुळे त्यातलं मला विचारू नकोस.

एजंटचं आधी संपवते. लावू नकोस. पैशाचं सोड, तो तुझं मोटिव्हेशन लेटर लिहून देतो, तिथे घोळ होतो. त्यात 'लहानपणापासून मला निसर्गाची ओढ' असतं, पेंचचा वाघ असतो आणि दुसऱ्या ओळीत शाश्वत विकासाची व्याख्या देणारा १९८७ चा ब्रुंटलँड अहवाल असतो. ती व्याख्या निवड समितीवाल्यांना तोंडपाठ आहे. तू सिव्हिलवाला आहेस, एका नाल्याचं लिही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि वस्त्यांत पाणी शिरलं. कोणत्या गल्लीत पाणी कुठून आलं आणि का ओसरलं नाही, हे नागपूरच्या माणसाशिवाय त्यांना कोण सांगणार?

आता मार्कांचं. याने चांगल्या चांगल्यांचं अवसान गळतं. इथे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल वजा पासिंगने भाग, तिनाने गुण आणि एक मिळव. ६४ टक्के असतील आणि पासिंग ४० असेल, तर उत्तर २.८ येतं. ज्या फर्स्ट क्लासचे आपण पेढे वाटले, त्याचं इथे हे होतं. बऱ्याच ठिकाणी २.५ ची अट असते, म्हणजे ७० टक्के हवेत. आणि गंमत बघ, पासिंग जितकं कमी, तितका तुझा आकडा सुधारतो. ३५ धरलं तर त्याच ६४ चे २.७ होतात. म्हणून पासिंग किती होतं ते मार्कशीटवर छापलेलं नसेल, तर सही-शिक्क्यानिशी वेगळ्या कागदावर लिहून घे. हे आताच कर. इथून फोन करून असा कागद निघत नाही.

नावांचंही आताच बघ. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, मग आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. माझ्या बाबतीत तर मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि मुलीच्या जन्मदाखल्यात आईच्या रकान्यात नुसतं पहिलं नाव. एका खिडकीवरची बाई अगदी शांतपणे म्हणाली, 'ही आई तुम्हीच कशावरून?' तिच्या आवाजात खवचटपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग राजपत्रातली नावबदलाची जाहिरात शोधा, तिची प्रत मागवा, शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन करून घ्या. मुलीची आई मीच आहे हे कागदाने मान्य करेपर्यंत नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा लटकला होता. तुझ्या बायकोच्या आणि मुलाच्या कागदांवरचं एकेक अक्षर या रविवारी बसून जुळव.

आणखी एक, कारण तू तिशी ओलांडली आहेस. इथला विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्य विमा तिशीपर्यंतच असतो. त्यानंतर खासगी घ्यावा लागतो किंवा जास्त पैसे मोजावे लागतात. पुढे नोकरी लागली की खासगीतून सरकारीत यायला जागा असते, पण विद्यार्थी असताना निघणं जवळपास अशक्य. सही करण्याआधी चार जणांना विचार.

अभ्यासाचं म्हणशील तर मजा आली, खरंच. मी लाइपझिगला शिकले. दक्षिणेला दगडी कोळशाच्या नाही, लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, उघड्या खाणी होत्या. त्यातली एक पाण्याने भरून कोस्पुडेन तळं केलंय, २००० सालापासून लोक तिथे पोहतात. पहिल्याच सत्रात आम्हाला तिथे नेलं. सगळे फोटो काढत होते आणि माझ्या डोक्यात आपल्या उमरेडची कोळशाची खाण. जरा पुढे लिपेनडॉर्फच्या वीजकेंद्रातून वाफ निघत होती, लिग्नाइट अजून जळतच होता. कोळसा २०३८ पर्यंत बंद करायचा कायदा त्यांनी २०२० मध्ये केला आणि खाणपट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली. वर्गात मी एकदा सांगितलं की नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला देतात, तेवढं पेंच धरणाचं गोडं पाणी वाचतं. कोणाचा विश्वास बसेना. आपल्याकडे काय आहे हे नीट शिकून ये. नीरी, ती पर्यावरण संशोधनाची संस्था, तुझ्या घरापासून किती लांब आहे? मी नागपुरात असेपर्यंत आत पाऊल ठेवलं नव्हतं.

एकटेपणाचंही विचारलंस. येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, तेव्हा जरा जास्त येतो. चालायला जायचं. पुढे.

मुलाच्या शाळेबद्दल तू एक ओळ लिहिलीस, 'शाळा फुकट असते ना?' हो, फुकट असते. पण सॅक्सनीत, म्हणजे लाइपझिगच्या राज्यात, चौथीच्या मध्यावर शाळा शिफारस देते, पोरगं गिम्नाझियमला (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) जाईल की ओबरशुलेला (साधी माध्यमिक). जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, या तिघांच्या मार्कांवर. नऊ-दहा वर्षांच्या लेकरावर! माझी मुलगी तिसरीच्या मध्यात आली, आधी जर्मन शिकवणाऱ्या तयारी वर्गात, मग मुख्य वर्गात. चौथीत शिफारशीची भेट ठरली तेव्हा मी तिसऱ्या सत्रासाठी ऑस्ट्रियात ग्राझला होते. हा अभ्यासक्रम बाहेरच्या विद्यापीठांशी जोडलेला आहे, एक सत्र दुसरीकडे काढावं लागतं. भेटीला नवरा गेला. त्याला जर्मन येत नव्हतं, रात्रपाळी करून गोदामातून थेट आला होता. शाळेने दुभाषा बोलावला नव्हता. पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर तिघं बसली आणि बाई जे बोलत होत्या ते माझी मुलगी बाबाला मराठीत सांगत होती. 'बाबा, त्या म्हणून राहिल्या की माझं जर्मन अजून पुरेसं नाही.'

शिफारस ओबरशुलेची आली. सॅक्सनीत ती आता बंधनकारक नाही, पालक आग्रह धरू शकतात, पण तो धरायला भाषा लागते आणि तेव्हा घरात ती एकट्या मुलीला येत होती. पोरगी मजेत आहे. मैत्रिणी आहेत, हँडबॉल खेळते, ओबरशुलेतूनही पुढे आबिटूरला, म्हणजे विद्यापीठात जाण्यासाठीच्या परीक्षेला, जाता येतं. तिला काही वाटत नाही. मलाच अजून रात्री त्या बुटक्या खुर्च्या दिसतात, आणि मी तर त्या खोलीत नव्हतेच.

आता तुझी शेवटची ओळ. परत येऊन उपयोग होईल का. माझ्या अर्जात मी ठासून लिहिलं होतं की शिकून परत येईन आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेच्या तलावांवर काम करीन. खोटं नव्हतं ते, लिहिताना डोळे भरून आले होते. प्रबंधही राखेवरच केला. मग डिग्रीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, ते मिळाले, नोकरी लागली, मुलगी रुळली. मी कंपन्यांचे शाश्वततेचे अहवाल लिहिते, युरोपच्या नियमांप्रमाणे. (त्या नियमांतून बहुतेक कंपन्यांना सूट देण्याचा प्रस्ताव फेब्रुवारी २०२५ मध्ये आला आणि आमच्या धंद्यातली भरती थंडावली, हेही लक्षात ठेव. जर्मन न येणाऱ्याला तर कोणी उभंही करत नाही.)

जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. व्हिडिओ मला ऑफिसात जेवताना आला, करडा चिखल शेतात शिरतोय. ऑफिसात मी 'राखवाली' म्हणून ओळखली जाते. शेजारचा म्हणाला, हे तुझ्या गावचं का? मी हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी त्याची स्लाइड केली. छान झाली, लोकांनी मागून घेतली. माझ्या गावच्या राखेवर माझं घर चालतं आणि त्या राखेला माझा काडीचा उपयोग झालेला नाही. वाईट वाटतं का? वाटतं, आणि तरी मी उद्या तिकीट काढणार नाही, हेही तितकंच खरं आहे. त्यामुळे नागपुरात उपयोग होईल का, याचं उत्तर माझ्याकडे मागू नकोस. जे परतलेत त्यांना विचार. मला विचारायचंच तर हे विचार की लोक परत का जात नाहीत. त्याचं कारण बहुतेक वेळा पोरांची शाळा असते. ज्या शाळेवर मी इतकी चिडले, तिनेच मला इथे बांधून ठेवलं.

तुझा मुलगा पाचचा आहे. आणायचाच असेल तर पहिलीच्या आधी आण, म्हणजे चौथीतल्या शिफारशीआधी त्याला साडेतीन वर्षं मिळतील. नाहीतर तू एकटा ये, दोन वर्षं काढ आणि परत जा. मधला रस्ता आम्ही धरला होता. बायकोला इथे काम करायची परवानगी मिळते, पण भाषा नसेल तर गोदाम आणि स्वयंपाकघर एवढंच. तुझ्याआधी तिला जर्मनच्या क्लासला घाल. तुझ्या एवढ्या लांब प्रश्नात ती काय करते, तिला यायचंय का, हे कुठेच नाही. तिला विचार आणि मग लिही. तिलाच लिहायला सांगितलंस तर आणखी बरं.