हिश्श्यांची वही हाती घेताना

चिपळूण

बेटा, अस्सलामु अलैकुम.

यंदा बकरी ईदच्या कुर्बानीच्या हिश्श्यांची वही जमातीने तुझ्याकडे दिली, हे कळलं. बरं झालं, तरुण माणूस हवाच होता. परवा फोनवर तू म्हणालास, ‘चाचा, नावं लिहायची, पैसे घ्यायचे, कसायाला वेळ द्यायची, यात अवघड काय?’ ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय. जनावर कापणं एका सकाळचं काम असतं. पण मटण ज्याच्या घरी जायला हवं त्याच्याच घरी गेलं का, ही जबाबदारी आपली. हिस्सा देणारा माणूस सुरी आपल्या हाती देऊन मोकळा होतो, आपण होत नाही.

आधी पैशाचं बोलू. मोठ्या जनावरात सात हिस्से, बकऱ्यात एकच, हे तुला माहीत आहे. तू सात जणांकडून ठरावीक रक्कम घेतलीस आणि रेडा अपेक्षेपेक्षा स्वस्तात मिळाला, तर उरलेले पैसे कुणाचे? जमातीचे नाहीत, मदरशाचे नाहीत, तुझे तर नाहीतच. ते त्या सात जणांचे. परत कर, नाहीतर ‘उरलेलं अमुक कामाला लावू का?’ असं विचारून घे. पैसे घेतानाच विचारून ठेवलंस तर नंतर सात फोन करावे लागत नाहीत. जनावराची किंमत, टेम्पोभाडं, कसायाची मजुरी, पिशव्या, बर्फ, सगळं वेगळ्या रकान्यात लिही. बघायला कुणी येणार नाही, तरी लिही.

कसायाची मजुरी नेहमी रोख. मटणातून नाही, कातड्यातून नाही, ‘घे रे, मुंडी घेऊन जा’ असंही नाही. हज्जतुल विदाला, म्हणजे अखेरच्या हजला, पैगंबरसाहेबांनी शंभर उंटांची कुर्बानी दिली. ६३ स्वतःच्या हाताने केले, उरलेले त्यांचे जावई हजरत अलींनी. मांस, कातडी, उंटांवरच्या झुली, सगळं गरिबांत वाटायला अलींना सांगितलं आणि कसायाला यातलं काही देऊ नकोस म्हणून बजावलं. मजुरी ते पदरची देत. कसाई गरीब असेल तर मजुरी चुकवल्यावर त्याचं पाकीट वेगळं दे, इतरांना देतोस तसंच.

कातड्याला एके काळी बरे पैसे यायचे, मदरशांचा वर्षाचा थोडाफार खर्च त्यावर निघायचा. आता बकऱ्याच्या कातड्याला कुणी विचारत नाही. तरी ताबडतोब मीठ लावून घडी घालून ठेव, घेणारा आला तर आला. आणि त्याचे पैसे आले तर ते गरिबांचे. इमामसाहेबांच्या पगारात ते घालायची टूम दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी काढतं. ती तिथेच थांबव.

आपल्याकडे शाफई मजहबाचे, म्हणजे धर्मनियमांच्या त्या परंपरेचे, लोक जास्त, पण घाटावरून आलेली, उत्तरेतून आलेली हनफी घरंही आता बरीच आहेत. दोघांचे नियम एकाच वहीत येतात, तिथे डोकं शांत ठेव. हनफींना ऐपत असेल तर कुर्बानी वाजिब, म्हणजे करायलाच हवी, आणि दिवस तीनच: जिलहज महिन्याच्या १०, ११, १२ तारखा. आपल्याकडे ती सुन्नत, म्हणजे करावी पण सक्ती नाही, आणि दिवस चार, १३ तारखेपर्यंत. बकरा हनफींना वर्षाचा चालतो, आपल्यात दोन वर्षांचा धरतात. मोठं जनावर मात्र दोघांतही दोन वर्षं पूर्ण केलेलं हवं. नावापुढे फक्त ‘ह’ किंवा ‘शा’ लिहून ठेव, पुष्कळ वाद तिथेच मिटतात. हनफी हिस्सेदार आपापला वाटा घरी नेणार असतील तर तो काट्यावर तोलून दे, अंदाजपंचे ढीग करू नकोस. सातही जणांनी ‘सगळं गरिबांना’ म्हटलं असेल तर तोलायची गरजच नाही.

कुवेत, सौदी, दुबईहून नावं येतील. तिथे ईद बहुतेक वेळा आपल्या एक दिवस आधी असते. आपल्याकडे तिसरा दिवस उजाडतो तेव्हा त्यांचे तीन दिवस संपलेले असतात. म्हणून आखातातल्यांची नावं पहिल्या दिवशीच्या जनावरांत घाल, फार तर दुसऱ्या. आणि ‘माझ्या वतीने करा’ हे त्यांच्या तोंडून किंवा मेसेजमधून स्पष्ट आलेलं असू दे. भावाने परस्पर नाव दिलं, तेवढं पुरत नाही.

कायद्याचं एकदाच सांगतो. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाय, बैल, वळू, वासरू सगळं बंद आहे. मोठं जनावर म्हणजे रेडा किंवा म्हैस, तेही पशुवैद्यकाच्या दाखल्याने आणि परवानगीच्या जागेवर. बाजारातली पावती, दाखला, वाहतुकीचे कागद टेम्पोतच ठेव. कुणी दलाल ‘कागदाचं मी बघतो’ म्हणाला, तर त्याच्याकडून जनावर घेऊच नकोस.

आता वाटपाकडे येतो, कारण पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.

ईदच्या दिवशी मोहल्ल्यात नीट बघ. आपलं पाकीट त्यांच्या घरी, त्यांचं आपल्या घरी. दुपारपर्यंत ज्यांच्याकडे कुर्बानी झाली त्यांच्याकडेच सगळ्यांत जास्त मटण साठलेलं असतं. नात्यागोत्याचा वाटा आहेच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. तीन वाटे करावेत, एक घरचा, एक नातलग-शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा, ही चांगली रीत आहे. पण तिसरा वाटा आपण उरलेल्यातून काढतो. संध्याकाळी, थकल्यावर, हाडं आणि चरबी राहिल्यावर. हे बदलता आलं तर बदल. गरिबांचा वाटा सगळ्यांत आधी बाहेर पडू दे.

पाकिटं भरताना स्वतः उभा राहा. मदरशाच्या अंगणात ताडपत्रीवर मटण पडतं तेव्हा मांडीचे तुकडे एका बाजूला, कलेजी घमेल्यात, फऱ्याची हाडं दुसरीकडे असे ढीग आपोआप होतात. मग पिशवी भरणारा पोरगा ओळखीचा माणूस आला की या ढिगातून घेतो, रांगेतली बाई आली की त्या ढिगातून. त्याच्या मनात वाईट नसतं, हात तसा जातो. उपाय सोपा आहे. वजन करण्याआधी सगळे ढीग एकत्र कालवायचे, कलेजीही बारीक करून त्यातच. मग किलो-किलोच्या पिशव्या बांधायच्या आणि बांधलेली पिशवी कुणासाठीही उघडायची नाही. माझ्यासाठीही नाही.

रांगेत येतात त्यांचं काम होऊन जातं. रांगेत न येणाऱ्यांचं काय? कुरआनातल्या सुरे हजमध्ये कुर्बानीचं मांस खा म्हटलंय, आणि लगेच पुढे: जो मागत नाही त्याला खायला द्या आणि जो मागतो त्यालाही. न मागणारा तिथे आधी आहे. आपल्या गावात ही घरं कुठली ते तुला शोधावं लागेल. नवरा आखातात असून सहा महिने पैसे न आलेली बाई. कर्ज काढून मुलगी उजवलेला बाप, जो मागच्या वर्षापर्यंत स्वतः हिस्सा देत होता. शाळेत शिपाई असलेला माणूस, ज्याला सगळे ‘पगारदार’ म्हणतात. ही यादी मशिदीत वाचून दाखवायची नसते. पाकीट नेऊन देणारा एकच असावा, शक्यतो बाई असावी, आणि ‘ईदचं आहे, अम्मीने पाठवलंय’ एवढंच बोलावं.

फोटोचा आग्रह होईल. पैसे पाठवणारे व्हिडिओ मागतात, त्यांचंही चुकत नाही, कारण फसवणारे निघालेत. जनावराचा जिवंतपणीचा फोटो पाठव, त्याच्या नावावर कुर्बानी झाल्याचा निरोप पाठव, हिशोब पाठव. घेणाऱ्याचा चेहरा कुणालाही पाठवू नकोस. देणगीदार रागावला तर पुढच्या वर्षी दुसरीकडे देईल, देऊ दे.

साठवण्याबद्दल. एका वर्षी ईदच्या सुमारास वाळवंटातले गरीब लोक मदिन्याला आले, तेव्हा पैगंबरसाहेबांनी तीन दिवसांपुरतं ठेवा आणि बाकीचं वाटून टाका असं सांगितलं. पुढे मोकळीक दिली: खा, साठवा, दान करा. म्हणजे साठवण्याला मनाई नाही, पण दारात उपाशी माणूस असताना काय करायचं ते त्यात आलं. आपल्या गावाला हे वेगळं शिकवायला नको. २०२१ ला ईद २१ जुलैला होती, आणि २२ च्या पहाटे पुराने वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. तू तेव्हा शाळेत असशील. ज्यांनी पहिल्याच दिवशी वाटून टाकलं त्यांचं मटण लोकांच्या पोटात गेलं होतं. ज्यांनी फ्रीजर भरले त्यांनी वीज गेल्यावर चिखलाबरोबर तेही उपसून पुरलं. आता ईद सरकत सरकत मे महिन्यात येतेय. उकाड्यात कापलेलं मटण काही तासांत वास मारतं. बर्फ आदल्या दिवशी सांगून ठेव आणि पाकिटं दुपारच्या आत गावाबाहेर गेलेली असू देत.

गावाबाहेर म्हणजे वाड्यांवर. तिथे नेण्याआधी दोन गोष्टी बघ. आपल्या मजहबात बिगरमुस्लिमांना कुर्बानीचं मांस देण्याबद्दल मतभेद आहेत, हनफींत मुभा आहे, तेव्हा मौलानांना विचारून घे. आणि ज्यांना द्यायचं त्यांनाही विचार. बकऱ्याचं मटण आनंदाने घेणारे पुष्कळ लोक रेड्याचं शिवणार नाहीत. काय आहे ते न सांगता देणं म्हणजे फसवणूक. ईद श्रावणात आली की शेजारी बकऱ्याचंही घेत नाहीत, तेव्हा शीरखुर्म्याची वाटी पाठवावी. २०२३ ला २९ जूनला ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली, तर राज्यात कितीतरी गावांच्या जमातींनी नमाज त्या दिवशी पढली आणि कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. दिवस हातात असतात ते अशा वेळी उपयोगी पडतात.

तू आणखी एक विचारलंस: कुर्बानीऐवजी पैसेच गरिबांना दिले तर? २०२० ला करोनात सरकारने प्रतीकात्मक कुर्बानीचं आवाहन केलं तेव्हा खूप बोलणं झालं. सुधारणावादी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची मंडळी आर्थिक कुर्बानी म्हणतात, ईदला रक्तदान करतात. त्यांचं सगळं मला पटत नाही. ज्याच्यावर वाजिब आहे त्याची कुर्बानी पैसे देऊन फिटत नाही, हे बहुतेक उलेमांचं मत आणि माझंही. पण एका घरातून हौसेने चार-चार बकरे कापले जातात, त्यातला सर्वांत मोठा वजन सांगत गल्लीभर फिरवला जातो, तिथे मी उघड बोलतो: एक कर, बाकीच्यांच्या पैशातून कुणाची फी भर. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, तुमची परहेजगारी, म्हणजे अल्लाहचं भय राखून वागणं, पोचते, हेही त्याच सुरे हजमध्ये आहे.

सदक्याच्या, म्हणजे दान म्हणून दिलेल्या, बकऱ्याची नोंद या वहीत नको, वेगळं पान कर. आजारपणात, अपघातातून वाचल्यावर लोक बकरा सोडतात. सदका आणि मन्नतीचं मांस पूर्ण गरिबांचं, देणाऱ्याच्या घरात त्यातली एक बोटीही जाऊ नये. अकीक्याचं, म्हणजे मूल जन्मल्यावर कापतात त्या बकऱ्याचं, घरच्यांनी खाल्लं तरी चालतं. सदक्याला बकराच लागतो, तोही काळा, असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस. फक्त सांग की त्याच पैशात दोन महिन्यांचा तांदूळही सदकाच होतो. काही जण ऐकतात.

मुंबईहून जाहिराती येतात, दुसऱ्या राज्यात हिस्सा निम्म्या पैशात. खोटं असेलच असं नाही, तिथे जनावर स्वस्त आहे आणि भूकही जास्त आहे. हजच्या वेळी मक्केजवळ मिनेत होणाऱ्या कुर्बानीचं मांस पूर्वी वाया जायचं. १९८३ पासून तिथे कत्तलखाने, गोठवणं आणि जहाजाने गरीब देशांत पाठवणं सुरू झालं, तेव्हा दूरवर पोचवणं जमतं हे दिसलंच आहे. गावातल्या कुणाला बाहेर द्यायचं असेल तर अडवू नकोस. फक्त त्याला म्हण, वाटप कोण करतं आणि मागच्या वर्षीचा हिशोब कुठे आहे, एवढं विचार.

वजनकाटा माझ्याकडे आहे, तपासून शिक्का मारून घेतलाय, कधीही येऊन घेऊन जा. यादी ईदच्या आठवडाभर आधी घेऊन ये. तीन घरं त्यात नसतील. ती तुला तोंडीच सांगेन, वहीत लिहायची नाहीत.

दुआगो,
तुझा चाचा